शटरवरची जबानी

शिदूआण्णांच्या गॅरेजात गाडी नेली की आधी मालकाची जबानी व्हायची. तोवर बॉनेटला हात लागायचा नाही. मालकाला ते पत्र्याच्या डब्यावर बसवायचे आणि खडू घेऊन शेजारच्या गाळ्याच्या शटरसमोर उभे राहायचे. ते शटर कायम बंद असे. तोच आण्णांचा फळा. "इंजिनाचा दिवा कवा लागला? त्याच्या आदी काय केलंसा? शेवटचा हात कुणी लावला?" आपण सांगू ते मोठ्या अक्षरांत वर जायचं. दुरुस्ती झाली की तीच जबानी चारचौघांत वाचून दाखवायची आणि त्यातलं एकेक खोटं आडवी रेघ मारून खोडायचं, अशी पद्धत. मिशीला पीळ देत आलेले बागाईतदार तिथं मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

"दिवा खोटं बोलत न्हाई, भाऊसाहेब," आण्णा म्हणायचे. "बोलतंय ते माणूस."

मला हे बेहद्द पटायचं. माझा जन्म कोर्टातल्या कारकुनीत गेला. शपथेवर खोटं बोलणारे इतके पाहिले, की दूधवाला "आज म्हैस आटली" म्हणाला तरी मला आधी म्हैस बघावीशी वाटते. इस्लामपुरात माझ्याइतका संशयी माणूस दुसरा नसेल अशी माझी समजूत होती. आण्णा भेटले आणि ती गेली.

आण्णा मूळचे जत तालुक्यातले, पार कर्नाटकाच्या शिवेवरचे. घरी मेंढरं. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून आले आणि आष्टा रस्त्याला गॅरेज टाकलं. माणसांशी मराठीत बोलायचे आणि इंजिनाशी कानडीत. जुनी गाडी घेण्याआधी लोक त्यांना दाखवायला आणत. आण्णा नुसती किल्ली फिरवून समोरच्या दिव्यांकडे बघत. "किल्ली फिरीवली की सगळं दिवं आदी पेटाय पायजेत, मग इझाय पायजेत. जो पेटतच न्हाई, त्यो मारलाय. साक्षीदार मारून गाड्या इकत्यात लोक."

माझी गाडी वीस वर्षांची. तिच्यावाचून आमचं चालत नव्हतं, कारण माझ्या बायकोला, सुमनला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी सांगलीला न्यावं लागतं. येताना तिच्यात बसून राहायचंही त्राण नसतं. एसटीचा प्रश्नच नाही. त्या वर्षी दसरा झाला आणि चौथ्या दिवशी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पुढच्या शुक्रवारी सांगलीहून येताना आष्ट्याच्या अलीकडे गाडीनं आचके दिले आणि तिचा जोरच गेला. मागून ट्रक भोंगे मारत होते. सुमन मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. गाडी इथंच बसली तर हिला घेऊन कुठं जाऊ, एवढंच डोक्यात होतं. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कसेबसे घरी पोचलो. पुढच्या खेपेला सांगलीतल्या एका चकचकीत वर्कशॉपात गाडी दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेट न उघडताच गाडीचा कॉम्प्युटर गेल्याचं सांगितलं. साक्षीदार न तपासता निकाल! मी गाडी तशीच वळवली आणि दुसऱ्या दिवशी आण्णांकडे नेली. सुमनही बरोबर होती. आण्णांनी तिला सावलीत खुर्ची दिली आणि मला डब्यावर बसवलं.

"दिवा लागायच्या आदी बॉनेट कुणी उगाडलं?"

"कुणी नाही."

"न्हाई म्हंजी? आठवून सांगा."

"सांगितलं ना, कुणीसुद्धा नाही."

आण्णांनी ते लिहिलं आणि पुढं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. मला राग आला. संशय घेणं हे माझं काम. माझ्यावर कुणी घेतलेला मला खपत नाही.

मग त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. त्यावर एका सेन्सरचं नाव आलं. मी म्हटलं, "चला, सापडला चोर. बदलून टाका."

"ह्यो नुसता खबऱ्या हाय, जज न्हवं," आण्णा म्हणाले. "खबऱ्याच्या सांगण्यावरनं फाशी द्यायची व्हय?"

इंजिन चालू ठेवून ते एकेक वायर हलवत बसले. एका ठिकाणी हात लागताच इंजिन अडखळलं. तिथलं कपलर, म्हणजे वायरी जोडायची प्लास्टिकची डबी, त्यांनी सोडवली. आत बघितलं, वास घेतला, बोट फिरवून जिभेच्या टोकाला लावलं. बोटाला लालसर काही दिसलं. मला वाटलं, गंज. आण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुमनकडे, आणि बोट पँटला पुसून टाकलं.

"भाऊसाहेब, समोरनं तेवडा च्या सांगून या."

मी चहा सांगून आलो तेव्हा ते कपलर ब्रशनं घासत होते. सेन्सर जुनाच बसवला. स्कॅनरनं दिवा घालवला आणि आम्ही दोघं आष्ट्यापर्यंत जाऊन आलो. गाडी नव्या नवरीसारखी चालली. दिवा लागला नाही.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"उंदीर," आण्णा म्हणाले. "उंदरानं घाण केलती."

एवढं बोलून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि माझी जबानी पुसून टाकली. वाचली नाही, खोडली नाही, पुसली. माझे कान टवकारले. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. कुरतडलेली वायर नाही, लेंडी नाही. उंदीर गेला तरी पुरावा ठेवून जातो.

"आण्णा, उंदीर कुठाय?"

"न्हाई तर न्हाई. गाडी चालतीया न्हवं?"

"मग मला काय बनवताय? फौजेतला माणूस तोंडावर खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं."

तीन-चार गिऱ्हाइकं ऐकत होती. आण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला. मीही असा शहाणा, की शटरच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं: 'उंदीर खोटा.' सुमन गाडीत जाऊन बसली.

नंतर मी आण्णांकडे फिरकलो नाही. माझा एखादा चांगला पार्ट त्यांनी काढून घेतला असेल, असं कितीतरी दिवस मनात घोळत होतं. गाडी मात्र वर्षभर एकदाही अडली नाही.

पुढच्या खंडेनवमीला झेंडूचे हार घेऊन घरी आलो, तर सुमन गाडीची पूजा करत होती. नारळ तिनं चाकापुढं वाढवला आणि पाणी तिथंच सांडलं. सहज म्हणाली, "इंजिनला गोड चालत न्हाई, आण्णांनी सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

ती घुटमळली. मग सगळं सांगितलं. आदल्या खंडेनवमीला मी असाच हार आणायला गेलो असताना तिनं बॉनेट उघडून इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं होतं आणि नारळाचं पाणी आत घातलं होतं. "टपाला हार घालून काय उपेग? मला नेतंय-आणतंय ते आतलं यंत्रच न्हवं?" तेच पाणी कुंकवासकट कपलरात शिरलं. मी चहा सांगायला गेलो तेव्हा आण्णांनी तिला हळूच विचारलं. तिचे डोळे भरले. "वैनी, रडू नगासा," ते म्हणाले. "भाऊसाहेबांचं मी बगतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी बोलला असता. आणि एकदा बोलून थांबला नसता. आदीच माझ्यापायी तुमची एवढी वढाताण."

ती खरं बोलत होती. मला ओळखून होती.

मी तसाच गॅरेजवर गेलो. शटरच्या कोपऱ्यात 'उंदीर खोटा' तसंच होतं, पण अक्षर माझं नव्हतं. मी रुमाल काढला, तर आण्णांनी माझा हात धरला.

"पुसू नगा. खरंच हाय ते."

"आण्णा, चुकलो मी. सुमननं सगळं सांगितलं."

"पावसानं गेलतं, तवा मीच गिरीवलं," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांचं खोटं खोडलं, भाऊसाहेब. माजं एक हाय. त्ये नगं का दिसाय?"

मला रडू आलं. आण्णांनी ओशाळून चहा सांगितला.

त्या माघात आण्णा गावी गेले आणि तिथंच झोपेत वारले. गॅरेजचा गाळा दुसऱ्या कुणी घेतला, शेजारच्या शटरला हिरवा रंग लागला. दूधवाल्याचा संशय मला अजूनही येतो, पण म्हैस बघायला जावंसं वाटत नाही.

मंगळवारी, शुक्रवारी सुमनला गाडीत बसवतो आणि किल्ली फिरवतो. सगळे दिवे पेटतात, मग एकेक विझतात. पिवळा विझेपर्यंत आम्ही दोघंही बोलत नाही.