मागचा पाय

गावच्या कबड्डीच्या फायनलला पंच कमी पडला म्हणून मला उभं केलं, असं मी अजून सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. मला उभं राहायचंच होतं.

मी तेव्हा कल्याणच्या कॉलेजात बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए. झाले आणि वर ही शारीरिक शिक्षणाची विद्यापीठाची पदवी. ‘खेळायला शिकायला कॉलेज कशाला लागतंय?’ हे मी काकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलेलं. शरीरशास्त्र असतं, आहारशास्त्र असतं, शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात, हे सांगून सांगून मी दमलेले. एकदा गावासमोर शिट्टी घेऊन उभी राहिले की आपोआप कळेल, असं वाटलं. शिवाय कॉलेजातल्या सरांना पंचगिरीच्या दहा सामन्यांची नोंदवही हवी होती आणि माझे नऊच झालेले.

अडचण एकच. फायनल आमची, म्हणजे बाळकुमची, आणि मोहने गावची. आमचा कप्तान माझा सख्खा मोठा भाऊ.

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्या दिवशीचे सरपंच ठाण्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मोहन्याच्या कप्तानाला स्पष्ट विचारलं, “ही त्यांच्या कप्तानाची बहीण. चालेल?”

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “शिकलेली आहे ना? मग चालेल.”

तिथेच मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

पहिल्या डावात मोहन्याचा एक गडी चढाईला आला. कोणाला शिवला नाही, नुसता वेळ काढून परत गेला. अशा वेळी समोरच्या अंगणात मध्यरेषेच्या पुढे आखलेली ‘निदान रेषा’ ओलांडावी लागते, नाहीतर चढाई करणारा बाद. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तरी मागचा पाय जमिनीवरून उचललेला पाहिजे. मागचा अलीकडे टेकलेला असेल तर रेषा ओलांडली असं धरत नाहीत. गावच्या सामन्यांत हे कोणी देत नाही. आमचे सर वर्गात म्हणायचे, “पंचाने दोनच गोष्टी बघायच्या. एक पाय आणि दुसरा पाय.” मी त्याचा मागचा पाय बघितला, तो टेकलेलाच होता. शिट्टी मारली. बाद.

“आपली पोरगी!” कोणीतरी ओरडलं आणि टाळ्याच टाळ्या. दादाने लांबून अंगठा दाखवला.

मोहन्याचा कप्तान माझ्याजवळ आला. “ताई, हा नियम कुठून काढला? एवढी वर्षं खेळतोय आम्ही.”

“पुस्तकात आहे. कोणी देत नाही एवढंच.”

“मग दोन्हीकडे द्या म्हणजे झालं.”

“देणार.”

शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, पण आमच्याकडे एकटा दादा शिल्लक. तो बाद झाला असता तर त्याचा एक आणि सगळा संघ बाद म्हणून लोणाचे दोन, असे तीन गुण त्यांना. म्हणजे हार. त्याला काही कमवायचं नव्हतं. नुसतं जाऊन परत यायचं.

तो गेला. ‘कबड्डी कबड्डी’चा दम घुमत होता आणि माझी नजर त्याच्या पायांवर. पुढचा पाय रेषेपलीकडे पडला. मागच्या पायाचा अंगठा मातीतून ओढत आला. उचलला नाही. मी मनात म्हणत होते, परत जा, एकदा नीट जा, वेळ आहे अजून. तो वळला आणि मध्यरेषा ओलांडून घरी आला.

अख्खं गाव मैदानात घुसलं. दादाला उचललं. माझी शिट्टी ओठांत होती. पहिल्यांदा वाजवली ती कोणाला ऐकूच गेली नाही. दुसऱ्यांदा जोरात वाजवली.

सरपंच आले. “बघितलंस?”

“बघितलं. मागचा पाय खाली होता.”

त्यांनी समोरच्या पंचाला विचारलं. तो म्हणाला, “माझ्या बाजूने दिसलं नाही.” म्हणजे सगळं माझ्या एकटीच्या शब्दावर.

“भाऊ आहे तुझा,” सरपंच हळू आवाजात म्हणाले.

“माहितीये, सर.”

दादा गर्दीतून आला. “काय गो, डोकं फिरलं काय तुझं? पलीकडे होता पाय!”

“पुढचा होता.”

मागून काका ओरडले, “घरी ये, मग बघतो तुझी पंचगिरी!” कोणीतरी म्हणालं, “पंचीणबाई, मोहन्याला स्थळ बघितलं काय?” लोक हसले. मी हलले नाही. सरपंचांनी तीन बोटं वर केली आणि मोहन्याकडे हात केला.

आठ दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. मी आले की ताट उचलून बाहेर जायचा. आई मधल्यामध्ये दोघांना वाढायची.

नवव्या दिवशी मी अभ्यासाला बसलेले. तो दारात उभा राहिला. “दाखव.”

मी नियमांचं पुस्तक उघडलं. इंग्रजी बघून त्याने ते परत माझ्याकडे सरकवलं. “वाच.”

मी मराठीत सांगितलं. दोनदा. तो लादीच्या सांध्यावर उभा राहिला, एक पाय पुढे टाकला, मागचा उचलला. “असं?”

“असं.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“पहिल्या डावात सांगितलं की. शिट्टी मारून.”

“मला वाटलं, ते त्यांच्यासाठी होतं.”

मी पुस्तक मिटलं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं.