पोरींनाही ढाल हवी!

पत्रकाचा हा मथळा मीच लिहिला होता, आणि तिथंच घोळ झाला.

ढाल म्हणजे फिरती ढाल. अमरावती आणि अकोल्याच्या आखाड्यांची दरवर्षी तिरंदाजीची स्पर्धा होते, जिंकणारा ती वर्षभर मिरवतो. यंदा माझी धाकटी बहीण उतरणार म्हटल्यावर आमच्या आखाड्याच्या अध्यक्षांनी नियम काढला: ढाल मुलांसाठी, मुलींना प्रमाणपत्र. प्रमाणपत्र! रोज सगळ्यांच्या आधी सरावाला येणारी ही, आणि हिच्या हातात कागद? मी त्याच दिवशी पत्रकं छापून अख्ख्या मोहल्ल्यात वाटली. लोकांना वाटलं, हा मुलींसाठी संरक्षण मागून राहिलाय. शेजारच्या काकू विचारत आल्या, "कराटेचा वर्ग कवापासून हाये रे?"

अध्यक्षांनी नेमकं तेच पकडलं. सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर त्यांनी भिंतीवरची खरी ढाल उतरवली. म्हशीच्या कातड्याची, दसऱ्याला पुजतात ती. ती त्यांनी बहिणीसमोर धरली.

"ढाल पाह्यजे ना पोट्टीले? इच्यात बाण घालून दाखव. शिरला तर खेळ फिरत्या ढालीसाठी. लढाईत अशा ढालीयनं बाणाचा पाऊस झेलला. तुह्या काडीनं काय होते?"

"तुमी बोलले बरं का काका. सगळ्यायनं ऐकलं," बहीण म्हणाली.

ढाल लिंबाच्या झाडाला दोरीनं टांगली. पहिला बाण थाडकन बसला, ढाल मागं झुलली आणि बाण घसरून मातीत. पोट्टे खिदळले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, लढाईत ढाल झाडाले लटकते का? माणसाच्या हातात असते! माणूस झुलते का असा?"

अध्यक्ष हट्टी खरे, पण लबाड नाहीत. "मंग बांध कशाले तरी."

आखाड्याच्या म्हशीसाठी आणलेलं सरकीचं पोतं उभं केलं आणि ढाल त्याला आवळून बांधली. दुसरा बाण फुगवट्यावर आपटून बाजूला उडाला. ढाल मधोमध फुगीर का करतात ते मला तेव्हा उमगलं: बाण सरळ बसूच नये म्हणून! तिसऱ्या वेळी बहीण धनुष्याची दोरी ताणून थांबली. थांबलीच. या वेळी आवाजच वेगळा आला, ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतावी तसा. बाण उभा!

आम्ही धावलो. ढाल सोडून उलटी केली. कातडं फाडून, मुठीमागची गादी भेदून टोक बोटभर बाहेर आलं होतं आणि तिथंच अडकलं होतं.

"पाहा," अध्यक्ष म्हणाले, "हाताले खरचटलं असतं, बस. माणूस जित्ता हाये. ढाल जिंकली."

खरं होतं ते, आणि म्हणूनच मी जास्त भडकलो. ढालीचं कामच ते: बाण आत येऊ दे, माणसापर्यंत नको. मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण बोलली.

"काका, 'शिरला तर' असं ठरलं होतं. 'मेला तर' असं नाई."

पोट्टे आता तिच्या बाजूनं हसले.

"अन् खरी लढाई असती, तर मी ढालीवर मारलाच काहून असता? खाली तुमचे पाय उघडेच हायेत ना."

अध्यक्षांनी नकळत एक पाय मागं घेतला. मग स्वतःच खो खो हसत सुटले.

"स्पर्धेले टायमावर येजो वं पोट्टे. अकोलेवाल्यायले निरोप धाडतो, पाय झाकून या म्हणा."