गिलाव्याचं पाणी

माझा काका गवंडी. आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो, कारण कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी भिंत सरळ आहे का ते बघायचा. त्याच्या कामाला नाव ठेवलेलं त्याला मुळीच खपत नसे.

काकूला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हा काकाने तिच्या खिडकीखाली छोटंसं तळं बांधलं, लाल मासे सोडले, लिली लावली. काकू दिवसभर तेवढंच बघायची. मासे वर आले की डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायची. तिचा म्हणून तेवढाच आवाज उरला होता.

पुढे तळं झिरपायला लागलं. काकाने मासे टबात काढले, आतून नवा गिलावा केला, त्यावर नुसतं सिमेंट घोटलं आणि दुसऱ्याच दिवशी तळं भरायला घेतलं.

"काका, थोडं वाळू दे की," मी म्हटलं.

"तू मला शिकव आता! नव्या गिलाव्याला पाणी पाजावंच लागतं. तळं भरलं की गिलावा पक्का होईल आणि हिचे मासेही घरी येतील. एका दगडात दोन पक्षी."

मासे सोडून तो स्वयंपाकघरात चहाला आला. चहा संपेपर्यंत आतून चमचा वाजत होता, कधी नव्हे इतका जोरात.

"ऐकतेस ना? खूश झालीय बाई," काका मला म्हणाला आणि त्याने अजून अर्धा कप मागितला.

नंतर आम्ही खोलीत गेलो. काकूचा चेहरा ओला होता. खिडकीखालचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं आणि त्यावर मासे आडवे तरंगत होते, अंगावर पांढरा चिकट थर. पुढे लिलीही कडेने करपत गेली.

मासेवाल्याने सांगितलं, ओल्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो. पाणी दिसतं स्वच्छ, पण माशांचे कल्ले भाजून काढतं. कित्येक आठवडे पाणी बदलत राहायचं, मगच मासे सोडायचे.

काका आपल्या भेगाळलेल्या हातांकडे बघत राहिला. "चुन्याने कातडी जळते हे मला ठाऊक नव्हतं होय? जन्म गेला यात." मला त्याचा राग आला होता.

त्याने पाणी उपसलं, भरलं, पुन्हा उपसलं. लिलीला नवं पान फुटलं. मासेवाल्याने पाणी तपासून होकार दिला, तेव्हा नवे मासे आले.

आता ते वर येतात तेव्हा काका स्वयंपाकघरात कप हातात धरून कान देऊन उभा राहतो. चमचा काकूच्या हाताशीच असतो. ती वाजवत नाही.