मास्तरीणबाई बाजूच्या सीटवर

मास्तरीणबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या घरचे म्हणत. ते साफ खोटं आहे. कारण दर वेळी असायचं, आणि बहुतेक वेळा ते रस्त्यावरच सापडायचं. इंडिकेटर न देता वळणारा स्कूटरवाला, गाडीच्या आरशात केस नीट करत बसलेली शिकाऊ बाई, सिग्नल सुटायच्या आधीच मागून हॉर्न मारणारा कुणी उतावळा. बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं तर राग नाकावर ठेवूनच बसावं लागतं, असं त्यांचं मत होतं. गोड बोलून कुणी ब्रेक दाबायला शिकत नाही.

स्कूल म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत टेबल, वाहतुकीच्या खुणांचा उडालेल्या रंगाचा तक्ता, आणि दारावर पाटी : 'फक्त महिलांसाठी. निकाल शंभर टक्के.' पाटीत अक्षरही खोटं नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही बाई परीक्षेत नापास झाली नव्हती. परीक्षा शाळेच्याच गाडीत व्हायची, परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब मागे बसायचे आणि मास्तरीणबाई बाजूला. ती गाडी जुनी होती, पण शिकवणाऱ्यासाठी बाजूच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते. त्या सीटवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. आणि इतकी वर्षं बाजूला बसूनही खिडकीबाहेर काय आहे ते त्यांनी कधी धड पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे. घरच्यांबरोबर कुठे जायचं झालं तर चालवणार त्याच, नवरोजी मागच्या सीटवर घोरणार.

म्हणून तर ही सहल. कल्पना त्यांचीच. परक्या शहरात जायचं, ड्रायव्हरशिवाय भाड्याने मिळते ती गाडी घ्यायची आणि पाळीपाळीने चालवायची. बरोबर तिघी : एक बँकवाली मैत्रीण, एक शिवणक्लासवाली मैत्रीण आणि त्यांची धाकटी जाऊ. तिघींनाही गाडी त्यांनीच शिकवलेली. तिघींची लायसन्सं पर्समध्ये नीट प्लास्टिकच्या कव्हरात. घरून निघतानाच ठरलं होतं की मास्तरीणबाई स्टिअरिंगला बोटसुद्धा लावणार नाहीत. बाजूला बसतील आणि शहर बघतील. आयुष्यात एकदा कुणीतरी आपल्याला फिरवावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे त्यांनी तिघींना बोलूनही दाखवलं होतं. तिघी 'अगं, त्यात काय एवढं' म्हणाल्या होत्या.

पहिल्या दिवशी बँकवालीची पाळी. गाडीवाल्याने किल्ली पुढे केली तसा तिला आपला चष्मा आठवला.

"नवा नंबर आहे गं. जवळचं सगळं लांब दिसतंय. आजच्या दिवस तू घे ना."

दुसऱ्या दिवशी शिवणवालीचा गुडघा. आदल्या दिवशी हाच गुडघा बाजारातल्या गल्ल्या मजेत तुडवत होता, पण किल्ली दिसताच आखडला. तिसऱ्या दिवशी जावेने निमित्तसुद्धा शोधलं नाही. "ताई, तुम्हीच घ्या ना," एवढं म्हणून ती मुकाट मागचं दार उघडून आत बसली.

तर झालं असं की शहर तिघींनी बघितलं आणि मास्तरीणबाईंनी बघितले पुढच्या गाड्यांचे बंपर. मागून आवाज यायचे. "अय्या, तो मनोरा बघ." "अगं, त्या गच्चीवर केवढी झाडं." मान वळवेपर्यंत सिग्नल हिरवा. पाट्यांवरचं एक अक्षर ओळखीचं नाही, फोनमधली बाई चौक मागे पडल्यावर 'आता वळा' सांगणार, आणि या तिघींना दारात उतरवून जागा शोधत फिरायचं ते मास्तरीणबाईंनीच. वस्तुसंग्रहालयापाशी त्यांना जागा मिळाली तेव्हा तिघी बघून बाहेर आल्या होत्या. "आत काही खास नव्हतं गं," बँकवाली म्हणाली, वर आइस्क्रीम चाटत. ते ऐकून मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या मुलखात तमाशा नको म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं काय असतं ते घरच्यांना विचारा.

शेवटच्या दिवशी तळं. शहरातलं सगळ्यात देखणं ठिकाण म्हणे. भोवती एकाच दिशेने वाहतूक असलेला गोल रस्ता, कडेला मोठाली झाडं. तळ्याशी पोचल्या पोचल्या मास्तरीणबाईंनी गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं, आणि किल्ली काढून डॅशबोर्डवर आपटली.

"बस्स झालं. आता मी चालवणार नाही. गाडी इथेच सडली तरी चालेल."

"अगं पण..." बँकवाली म्हणाली.

"पण नाही नि बिण नाही. काय मोलाने ठेवलंय का मला? लायसन्स पर्समध्ये घालून मिरवायला शिकवलं होतं का तुम्हाला? भर उन्हात घसा कोरडा करून शिकवलं. आणि तुम्ही काखा वर करून मागे बसता. शिकवलेलं फुकट गेलं माझं. तुला तर," त्या जावेकडे वळल्या, "तुला तर घरचं माणूस म्हणून दोनदा शिकवलं. तू तरी लाज राखायचीस."

जाऊ कुणाला उलट उत्तर देणारी नव्हती. लग्न होऊन घरात आल्यापासून ताईंपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. ती मागचं दार उघडून उतरली, पुढे आली आणि म्हणाली, "सरका ताई."

मास्तरीणबाई बाजूच्या सीटवर गेल्या. अखेर. जावेने सीट पुढे घेतली, आरसे लावले, गाडी सुरू केली. गाडी निघाली, जरा अडखळत, पण निघाली. उजवीकडे पाणी चमकत होतं. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं नाही. त्यांचे डोळे जावेच्या पायांवर होते.

"क्लच सोड. हळू. हळू म्हटलं ना. डावीकडे सायकल आहे. दिसत नाही का? ब्रेक. अगं ब्रेक."

सायकलवाला आपल्या वाटेने निवांत चालला होता आणि जावेचा पाय ब्रेककडे निघालाच होता, पण मास्तरीणबाईंना तेवढा धीर कुठला. त्यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. तिथे नुसतं पायपुसणं होतं. मग त्यांनी मधला हँडब्रेक खस्सकन वर ओढला. गाडी रस्त्यातच आचका देऊन बंद पडली, बँकवालीचा चष्मा उडाला आणि मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

जावेने गाडी पुन्हा सुरू केली, कडेला घेतली आणि थांबवली. तिचे कान लाल झाले होते.

"ताई, आम्हाला तुम्ही गाडी कधी चालवूच दिली नाहीत."

"म्हणजे?"

"क्लच माझ्या पायाखालून आपोआप खाली जायचा. मी दाबायच्या आधी. ब्रेकही तसाच. दोन्ही वेळा तसंच झालं. शेवटपर्यंत."

मास्तरीणबाईंनी मागे पाहिलं. शिवणवाली ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"आम्ही भुताची गाडी म्हणायचो तिला," ती म्हणाली. "सगळ्याच बायका म्हणायच्या. तुला वाटायचं कुणाला कळत नाही."

"मी तुम्हाला सांभाळत होते. एखादी आपटली असती म्हणजे? माझ्या जिवाला घोर होता तो."

"मान्य आहे," बँकवाली चष्मा पुसत म्हणाली, आणि आता तीही चिडली होती. "पण परीक्षेतही? साहेब मागे बसलेले, चढावर गाडी मागे सरकायला लागली, ती कुणी धरली? मी नाही धरली. पास मी झाले नाही गं. तू झालीस. दर बाईच्या वेळी तूच पास झालीस. मला भीती वाटते, चष्म्याचं काय घेऊन बसलीस."

एरवी मास्तरीणबाईंच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. कृतघ्न आहेत मेल्या, असं मनात आलं. मग दारावरची 'निकाल शंभर टक्के' आठवली. त्या पाटीचाही त्यांना रागच आला.

"बरं," त्या म्हणाल्या, "चालव मग. मी हात लावत नाही."

"नाही ताई. तुम्ही उतरा."

"काय?"

"तुम्ही बाजूला असलात की माझे पाय तुमची वाट बघत बसतात. तुम्ही उतरा."

धाकट्या जावेने गाडीतून उतरवावं, यापेक्षा मोठा पाणउतारा मास्तरीणबाईंच्या आयुष्यात झाला नव्हता. त्या उतरल्या. दार एवढ्या जोरात आपटलं की झाडावरचे कावळे उडाले. बँकवाली पुढे येऊन बसली, त्यांच्या जागेवर. गाडी दोन आचके खाऊन निघाली आणि वळणाआड गेली.

पर्स गाडीत, फोन गाडीत. मास्तरीणबाई तळ्याकडे पाठ करून फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि तिघींच्या नावाने बोटं मोडू लागल्या. पलीकडे उतार असणार, तिथे ही न्यूट्रल करणार. बसथांब्याशी बस अचानक बाहेर येईल, ते हिच्या लक्षात येणार नाही. कुठे हॉर्न वाजला की त्या टाचा उंच करून रस्त्याकडे बघायच्या. देवा, या बयांना सुखरूप आण, मग मी एकेकीला बघते, असं त्या पुटपुटल्या.

गाडी आली. जाऊ ताठ बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओठ घट्ट मिटलेले. बँकवाली खिडकीतून हात काढून पाण्याकडे काहीतरी दाखवत होती. मास्तरीणबाई दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी दारासाठी हात पुढे केला. गाडी हळू झाली. जावेने त्यांच्याकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि गाडी पुढे काढली.

"अजून एक चक्कर," मागच्या काचेतून शिवणवाली ओरडली. तिघी हसत होत्या.

मास्तरीणबाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण शिकवलेली बाई आपल्याविना गाडी चालवताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि तिला थांबवायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. पुढे रस्ता मोकळा होता, गाडीने वेग धरला.

"थर्ड टाक," त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या.

जावेने तो केव्हाच टाकला होता.