धक्का

चौऱ्याण्णव साली गाव अन् बौद्धवस्तीत हाणामारी झाली. मंग सगळ्यांना एकत्र बसवून चहा पाजला. समेट म्हणे! पण गावातल्या सर्जेरावची सवाऱ्यांची जीप बौद्धवस्तीच्या फाट्यावर थांबेना. आत जागा असली तरी तो ओरडायचा, "जागा न्हाई!" वस्तीतली उषाबाई मेथीची पाटी डोक्यावर घेऊन पायीच तीर्थपुरीचा बाजार गाठायची, तोवर मेथी सुकून मातीमोल व्हायची.

एका बाजारच्या दिवशी फाट्यावरच्याच ओढ्यात जीप बंद पडली. स्टार्टर कायमचाच बिघडलेला. ओढ्यात अडकली की आजवर वस्तीच धक्का द्यायची. आतल्या सवाऱ्यांना चिखलात उतरायचं नव्हतं. तेवढ्यात पाटी घेऊन चाललेली उषाबाई सर्जेरावला दिसली.

"उषाबाई, वस्तीतली माणसं बोलाव, जल्दी!"

पाटी सावरत ती पुढं निघाली. "तुमची जीप तर आमच्या फाट्यावर थांबत न्हाई, सर्जेराव. मंग आज कशी थांबली?"