पाणी आणि वाफा: तो धडा आत्याचा होता

काल आत्याच्या दहाव्याला तिचीच गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगितली गेली. म्हणून हे लिहिते आहे.

बोलणारे गृहस्थ माझ्या वडिलांचे, अण्णांचे, विद्यार्थी. अण्णा इंदापुरात इंग्रजी शिकवायचे.

"सरांचा पाणी आणि वाफ्याचा धडा आम्ही विसरलो नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

तो धडा सरांचा नव्हता.

१९३०च्या दशकाची अखेर. कन्हेरीचं आमचं रान. आजोबा मोट हाकायचे, आत्या खोऱ्यानं पाणी वाफ्यांत वळवायची. ती शाळेत कधी गेली नाही. धाकटे अण्णा बारामतीच्या शाळेत. इंग्रजीत नापास.

आजोबांनी बजावलं होतं, "औंदा पुन्हा नापास झालास तर शाळा बंद. मोट धरायची."

अण्णा बांधावर बसून रडत होते. आज ज्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात, तिथं गाडी अडली होती.

"आक्का, 'लुक' म्हंजी बघणं. मग 'लुक आफ्टर' म्हंजी सांभाळणं कसं? आन् 'लुक फॉर' म्हंजी शोधणं?"

"त्यात रडायचं काय? पानी एकच हाय न्हवं? हितं सोडलं तर मिरची, तितं सोडलं तर वांगं. निस्तं पानी नगं बघूस. वाफा बघ."

मग खेळच सुरू झाला. एक वाफा 'आफ्टर', एक 'फॉर', एक 'अप'. ती पाणी वळवायची, वाफा भरायच्या आत अण्णांनी अर्थ सांगायचा.

"बोल की रं! मिरच्या बुडाल्या!"

अण्णा पास झाले. त्याच वर्षी आत्या लग्न होऊन निमगाव केतकीला गेली.

पुढं अण्णा वर्गात सांगायचे, "रानात बसलो होतो, एकदम सुचलं." मी त्याच वर्गात होते. खरं काय ते कॉलेजात असताना कळलं. आत्यानंच सांगितलं, वांगी तोडता तोडता.

मी चिडले. "तू त्यांना बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पानी त्येच्या वाफ्यात गेलं. पीक तर आलं न्हवं?"

थोड्या वेळानं, वांग्यांची पाटी उचलताना म्हणाली, "पर एकदा तरी नाव घ्याय पायजे हुतं त्यानं."

अण्णांनी घेतलं नाही. आता दोघंही नाहीत.

आत्या, मी घेतलं. सावकाश जा.

आज सकाळी अण्णांच्या इंदापूरच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या हाती दिला: आत्याचा फोटो, एक, फ्रेमसह. खाली नाव, हौसाबाई. अण्णांच्या फोटोशेजारी लावण्यासाठी. पोच घेतली आहे.