न बोललेला नवस

काळी मॅडम ऐन वैशाखात लांब काळा कोट घालून रिठदला एसटीतून उतरली, तेव्हा पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबली. पायात गुडघ्यापर्यंत बूट, ओठांना काळी लिपस्टिक, डोळ्यांभोवती काजळाचे हे एवढे पट्टे, बोटात कवटीची अंगठी. माझ्या पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा तिने भाड्याने घेतला आणि ब्यूटी पार्लरची पाटी लावली. पाटीही काळीच. मी दिवसभर पिठाने पांढरी असायची. आम्ही दोघी ओट्यावर चहा घ्यायला बसलो की रस्त्यावरच्या गाड्या उगाच हळू व्हायच्या.

ती इंझोरीची, शेतकऱ्याची मुलगी. पुण्यात मेकअप शिकायला गेली आणि तिथे तिला तिच्यासारखी माणसं भेटली. "याले गॉथ म्हनतात, काकू. काळे कपडे, उदास गाणी. ते गाणे ऐकून मले बरं वाटते." मी म्हटलं, उदास व्हायला पुण्याला कशाला जायचं, लाईट गेली की माझ्या गिरणीसमोर बसावं. ती खूप हसली. काळ्या ओठांनी माणूस एवढं मोकळं हसू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

प्रश्नांचा तिला कधी राग आला नाही. तिचं म्हणणं एकच, "तोंडावर विचारा, सांगते. मागून विचारसान तं मले ऐकू कसं येईन?" कोणी बोट दाखवलं तर ती थांबून त्याला नमस्कार करायची. मग त्या माणसालाही बोट मिटून हात जोडावे लागत. महिनाभरात बोटं कमी झाली.

पण प्रश्न संपले नाहीत. आमच्याकडे काळ्याचं नातं शनीशी आणि नजरेशी. म्हाताऱ्या विचारायच्या, "शनीचं हाय काय वं, पोरी?" ती म्हणायची, "नाही आजी, मले आवडते." हे उत्तर कोणाच्या पचनी पडेना. शनिवारी एकीने तेलाची बाटली आणून दिली. एकाने नवा ट्रॅक्टर घेतला, तर काळी बाहुली मिळेपर्यंत मॅडम दोन मिनिटं शेजारी उभी राहील का, असं विचारायला आला. ती राहिली. ट्रॅक्टर तिला खरंच आवडला होता.

समोरची म्हातारी वारली त्या दिवशी मात्र मी तिला ओळखलंच नाही. साधी पांढरी साडी, धुतलेला चेहरा, हातात पिठलं-भाकरीचा डबा. त्या घरातल्या बायांच्या मागे ती गुपचूप बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट आणि काजळ.

आपला काळा रंग तिने कधी कोणाच्या तोंडाला लावला नाही. "माझं मले, तुमचं तुमाले." तिने सजवलेली नवरी नवरीच दिसायची, चुना मारलेली भिंत नाही. म्हणून गावातल्या एका मोठ्या घरच्या मुलीने हट्ट धरला, मेकअप करून घेईन तर काळ्या मॅडमकडूनच. ते लग्न मिळालं की तालुक्यातली लग्नं तिच्या दाराशी येणार होती. हुकलं तर हातातलीही जाणार होती.

मुलीची आत्या पार्लरमध्ये आली तेव्हा मी तिथेच होते. बाई वाईट नव्हती, तोडगा घेऊन आली होती. "हळदीच्या घरात काळं चालत नाही, बाई. रंगीत घाल. नाई तं देवीचा नवस हाय म्हन. आमी पाव्हण्यायले तसंच सांगू. मंग कोनी एक शब्द काढनार नाही."

मलाही ते पटलं. मी म्हटलं, "म्हणून टाक, पोरी. देवी काही रागावत नाही."

मॅडमने हातातला ब्रश खाली ठेवला. "मी नवस बोललीच नाही, तं सांगू कसा? मले काळं आवडते, आत्या. तेवढ्यानं भागत असन तं येते."

"मयतीत पांढरं घातलं नोतं काय?"

"घातलं. तथी मले कोनी घाल म्हनून सांगितलं नोतं."

आत्या उठून गेली. आमच्याकडे देवाच्या नावावर बाई अनवाणी फिरली, मीठ सोडून जेवली तरी चालतं, उलट लोक पाया पडतात. पण "मला आवडतं" हे बाईच्या तोंडचं कारण कोणी कारण म्हणून धरत नाही. मला मॅडमचा त्या दिवशी फार राग आला. रात्री भाकऱ्या थापताना वाटलं, एवढं खरं बोलायला आपल्याला कधी जमलं?

लग्नाला वाशिमहून दुसरी बाई आली. मग बोभाटा झाला आणि आलेली कामं एकेक करून परत गेली. मॅडम रोज वेळेवर शटर उघडायची. कॉलेजच्या मुली भुवया कोरायला यायच्या, त्यावर किती दिवस निघणार? दिवाळीच्या आधी तिने अमरावतीच्या एका पार्लरमध्ये काम धरलं.

बसपर्यंत मी तिची बॅग धरली. शेवटी राहवलं नाही, म्हटलं, "एक शब्द बोलली असतीस तर दुकान राहिलं असतं."

"राह्यलं असतं, काकू. पन मंग जलमभर त्या नवसाले सांभाळत बसली असती मी." मग तिने मला मिठी मारली. तिच्या काळ्या कोटावर माझं पीठ लागलं, ते तिने झटकलं नाही. बस वळेपर्यंत मी रडले.

माझा मुलगा आणि सून नागपूरला असतात. हे गेल्यापासून मी इथे एकटीच, आणि नागपूरला का जात नाही असं कोणी विचारलं की गिरणीचं नाव पुढे करते. परवा नणंद दळण घ्यायला आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "सुनेसंग पटत नाही काय वं, वैनी?"

गिरणी ओठांवर आली होती, ती गिळली. म्हटलं, "सून चांगली हाय. एकटीनं राह्यनं मले आवडते."

नणंदेने पिठाचा डबा डोक्यावर घेतला, दारापर्यंत गेली, आणि मागे न वळता म्हणाली, "मले बी आवडलं असतं."